कान एकीकडे, तोंड एकीकडे

माझ्या लॅपटॉपला आवाजासाठी भोक एकच. हेडफोन लावला की बाबांना ऐकू येतं, पण त्यांचं बोलणं पलीकडे जात नाही. माईक लावला की नेमकं उलटं. आतला माईक केव्हाच मेलेला, आणि माझ्या फोनला तर असलं भोकच नाही. दिवसभर शाळेत पोरांपुढे घसा बसवून आल्यावर त्या एका भोकाशी भांडायचं त्राण माझ्यात उरत नसे.

जन्मभर धान पिकवून बाबा सानगडीहून माझ्याकडे लाखनीला राहायला आले, तेव्हाच त्यांचे कान गेलेले होते. कानातलं यंत्र त्यांनी काढून डब्यात टाकलं. मोठा हेडफोन मात्र चाले. दादा पुण्यात. आठवडाभर फोनवर बाबांचं दादाला आणि रविवारी लॅपटॉपला माईक लावून दादाचं बाबांना, दोन्हीकडचं मीच पोचवायची, जरा गोड करून. "त्याले म्हन, बाप मेला नाही अजून" याचं मी "बाबा तुझी आठवण काढतात" करायची.

या उन्हाळ्यात दादा बाबांना दोन महिने न्यायला तयार झाला. मला ते दोन महिने हवेच होते. कुठे जायचं नव्हतं, नुसतं झोपायचं होतं.

हेडफोनमधून बाबांनी दादाचं "या ना इकडे" ऐकलं. मग शेतातल्या सवयीनं, शेताच्या कडेला धुऱ्यावर उभं राहून हाक मारावी तसे ते ओरडले आणि थांबले. हाक दिली की पलीकडच्या धानाच्या बांधीतून उत्तर येईस्तोवर थांबायचं असतं. दादा आपला "बाबा, आवाज येत नाही" हेच घोकत बसला. बाबांनी हेडफोन काढून ठेवला. "मी इचारतो आन् थो सांगत नाही. हे काय बोलावनं आहे?"

मग मी माईक लावला आणि दादाचं म्हणणं त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. तर म्हणाले, "हे तुयंच बोलनं आहे, बाई. समोरासमोर बोलल्याबगर मी कोठीच जात नाही."

हायवेवरच्या मोबाईलच्या दुकानातून मी एका पिनेला दोन तोंडं असलेली वायर आणली. दोन्ही लावलं. ऐकू आलं, बोलणं गेलं नाही. नीट पाहिलं तर दोन्ही तोंडांवर हेडफोनचंच चित्र. दोघांनी मिळून गाणी ऐकायची वायर होती ती. आमच्या घरी ऐकणाऱ्यांची कमतरता नव्हती. हसूही आलं नाही मला. भंडाऱ्याला गेले तेव्हा दुसरी आणली. हिच्या एका तोंडावर माईकचं चित्र, एकावर हेडफोनचं, आणि पिनेवर पहिलीच्या दोनाऐवजी तीन काळ्या रेघा.

रविवारी सकाळी बाबांच्या सदऱ्याला माईक अडकवला, डोक्यावर हेडफोन चढवला. बाबा ओरडले. पडद्यावर दादानं दचकून कानावर हात ठेवला. बाबा सवयीनं थांबले, आणि या खेपेला उत्तर आलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

मी बाजूला स्टुलावर बसले. दादाचं सगळं बाबांच्या कानात जात होतं, मला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. कितीतरी वर्षांनी माझ्याकडे पोचवायला काही नव्हतं. भिंतीला डोकं टेकून मी बाबांच्या बाजूचं तेवढं ऐकत होते. "हो, जेवलो." "गुडघे जसेचे तसे." मग बाबा बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मला कळलं, दादानं पुण्याला यायचं विचारलं. मनातल्या मनात मी त्यांची पिशवीही भरून टाकली.

"नाही जमत रे," बाबा म्हणाले. "मी तिकडे आलो त इची वाट कोन पायल? दिवसभर राबते. सांजच्याले घरी आली का कोनासंग बोलन? इले एकटी टाकून मी कसा येऊ?"

रागच आला मला. अहो, तुमच्याशी ओरडूनच तर माझा जीव जातो, असं अगदी ओठावर आलं. गेले ते दोन महिने.

पडद्यावरून दादा माझ्याकडे बघत होता. सवयीनं मी बाबांचं बोलणं मनात गोड करायला घेतलं. त्यात आणखी गोड घालायला जागाच सापडली नाही.