राजीनाम्याचा उज्जैनी अर्थ

शर्माजी इंटरव्ह्यूच्या खोलीतून बाहेर आले ते जवळजवळ उडतच. "मोघे, जम गया भाई! अब तू जा. और ज़रा कम बोलना, मेरी नौकरी मत खा जाना!"

मी हसलो. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या हॉटेलात टाय आवळून बसलेले आम्ही सातजण, सगळ्यांच्याच अंगात वारं शिरलेलं. उदारीकरणाची सुरुवातीची वर्षं होती. पुण्याची एक कंपनी इथला बंद पडायला आलेला कारखाना, माणसांसकट, विकत घेत होती. कम्प्युटर, एसी ऑफिस, कंपनीची जीप! पोस्ट एकच, पर्सनेल मॅनेजर. म्हणजे मालक आणि कामगार यांच्या मधे उभा राहणारा माणूस. शिव्या दोन्हीकडून.

शर्माजी आणि मी भैरवगढच्या एका कापड रंगवायच्या डाइंग युनिटमध्ये शेजारी बसायचो. ते बरेच सीनियर. हे काम मला त्यांनीच शिकवलं. या पोस्टची जाहिरातही त्यांनीच आणून दाखवली होती.

आत दोन साहेब, दोघंही मराठी. माझं नाव ऐकून खुलले.

"मोघे? अहो, तुम्ही इकडे कुठे?"

"आजोबा रेल्वेत होते. मग आम्ही इथलेच झालो."

दहा मिनिटं झकास गेली. मनात मी जीपमध्ये बसलोसुद्धा. मग थोरल्या साहेबांनी विचारलं, "तुमचे शर्मा आत्ता म्हणाले, संपात त्यांनी चाळीस कामगारांचा राजीनामा करवला. खरं का?"

घोळ माझ्या तिथल्या तिथे लक्षात आला. आमच्याकडच्या हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड. नोकरी सोडणं म्हणजे इस्तीफा. शर्माजींनी त्या चाळीसजणांना समजावून परत कामावर आणलं होतं. माझं एक वाक्य पुरलं असतं.

पण मला वाटलं, माणसं काढणारा माणूस यांना कसा चालेल? शर्माजींचा पत्ता कटला! छाती धडधडत होती ती आनंदाने, आता खोटं कशाला सांगू.

"हो साहेब. चाळीस. मी तिथेच होतो."

"आरडाओरडा नाही झाला?"

"अजिबात नाही."

साहेबांनी दुसऱ्यांकडे पाहिलं. "मग शर्माच बरे. आपल्याला निम्मे लोक कमी करायचेत." आणि मला म्हणाले, "थँक यू मोघे, तुमची फार मदत झाली."

शर्माजींनी युनिटभर पेढे वाटले. नव्या कंपनीत पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात यादी आली, काढायच्या माणसांची. दोन महिने त्यांनी टाळाटाळ केली, मग स्वतःच नोकरी सोडली. तोवर युनिटमधल्या त्यांच्या जागेवर मला बसवलं होतं.

एकदा रस्त्यात भेटले. "यार मोघे, इनको किसने कहा कि मैं आदमी निकालता हूँ?"

"क्या पता शर्माजी. कंपनीवाले हैं."

शेवटी ते एका धर्मशाळेची व्यवस्था बघत रिटायर झाले. ते गेले तेव्हाही हे माझ्या पोटातच होतं.

पुढे मी स्वतः शेकडो इंटरव्ह्यू घेतले. उमेदवाराच्या बोलण्यात काही खटकलं तर त्यालाच पुन्हा विचारायचं, त्याच्या दोस्ताला नाही, हा नियम एकदाही मोडला नाही. ऑफिसात म्हणायचे, मोघे फार काटेकोर. मी म्हणू दिलं.