पायाला बांधलेल्या विटा

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही ठेवावासा वाटत नाही. घरी कुणी अंगारा लावायला आलं की मी हसायची. त्यात आवड मानसोपचाराची... कानात बोलणाऱ्या आवाजांवर औषध असतं, हे मला पक्कं माहीत होतं.

इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराची पोस्टिंग लागली भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती, तरी तिकडचे पेशंट सवयीने आमच्याकडेच यायचे. बरोबरचे सगळे या पोस्टिंगला सुट्टी समजायचे. मी मात्र सरांना सांगून ठेवलं होतं – पीजीला हीच ब्रँच घेणार.

तिथे शेवंताबाई भरती झाल्या. पवनीच्या, विणकराच्या घरातल्या. मुलगा मंगेश हैदराबादकडे बांधकामावर गेलेला. ठेकेदार म्हणे, तो काम सोडून गावी निघाला. पण घरी पोचलाच नाही, फोनही बंद. पोलिसांत तक्रार देऊन झाली होती. त्यातच आईला मुलाचा आवाज ऐकू यायला लागला. जेवण गेलं, झोप गेली. नवऱ्याने अक्षरशः उचलून आणलं होतं.

आवाज काय म्हणतो, मी विचारलं.

"पानी मांगून राहिला. म्हन्ते, मा, माह्या पायाले इटा बांधल्या, मले हालता येत नाही."

मी चपापले. नुकतीच हाडांच्या वॉर्डातून आले होते. मांडीचं हाड मोडलं की पाय ओढून धरायला दोरीने वजन लटकवतात, आणि वजनं कमी पडली की सरळ विटा बांधतात. मी स्वतः बांधल्या होत्या!

सरांना सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाले, कुठेतरी पाहिलं असेल तिने, मन तेच वापरतं. शिवाय बाई उपाशीपोटी मरायला टेकली होती, औषध द्यायलाच हवं होतं. त्यात मला आजही चूक काढता येत नाही.

तरी मी नवऱ्याला म्हटलं, काका, तिकडच्या दवाखान्यांत चौकशी करा. त्यांचा भाऊ लगेच निघाला, वाटेतली गावं पालथी घालत.

इंजेक्शनं सुरू झाली. शेवंताबाई माझा हात सोडायच्या नाहीत. "बाई, त्याचा आवाज बारीक होऊन राहिला. मले झोपवू नका. त्याले तिथं कोनी नाही." मी त्यांची समजूत काढायची, आणि बाहेर येऊन काकांना विचारायची – भावाचा फोन आला का?

एका सकाळी त्या आपणहून उठून बसल्या. चहा प्यायल्या. आवाज बंद झाला होता. औषध लागू पडलं म्हणून राउंडला सगळे खूश. सर पुढे गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तुमच्या औषधानं गप झाला, का आपनच गप झाला तो?"

मी बाहेर येऊन काकांना पुन्हा विचारलं – भावाचा फोन आला का?

दुपारी फोन आला. ट्रकने उडवलेला मंगेश वाटेतल्या एका दवाखान्यात बेवारस म्हणून पडून होता. मांडी मोडलेली, पायाला दोरी, दोरीला विटा. तापात सारखा काहीतरी मागायचा, पण त्याची भाषा तिथे कुणाला कळत नव्हती. काकांचा भाऊ पोचला, त्याच्या थोडंच आधी, त्याच सकाळी तो गेला.

सर म्हणाले, योगायोग. मग फाइल मिटली, आणि पुन्हा म्हणाले, "असेलच."

शेवंताबाई पुढे तपासणीला यायच्या. मागणं एकच – गोळ्या बंद करा, तो बोलेल. सरांनी हळूहळू बंद केल्या. आजार उलटला नाही. दर खेपेला त्या येऊन सांगायच्या, "अजून काही आयकू नाही येत बाई"... आणि सर फाइलवर लिहायचे, पेशंट ठीक आहे.

पीजीला मी ही ब्रँच सोडणार होते. अर्ज भरेपर्यंत ठरलेलंच होतं. पण दुसरं काही घेऊन तो प्रश्न सुटला नसता... म्हणून घेतली. आज पेशंटला आवाज येतात म्हटलं की औषध देते, न चुकता देते. फक्त आधी नातेवाइकांना विचारते, घरचं कुणी बाहेर आहे का? माझ्यासमोर फोन लावा. बहुतेक वेळा पलीकडून कुणीतरी उचलतं.

त्या सकाळी नेमकं काय थांबलं, आजार की मंगेश, हे मला अजून सांगता येत नाही.