धक्का लागला असंल

आमच्या आडगाव नाक्याच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी मूळच्या निफाडकडच्या. पाच वर्षं घराची एक किल्ली त्यांच्याकडेच असते. तरीही त्या रविवारी मी त्यांच्याशी ज्या आवाजात बोलले, तो आठवला की आजही मान खाली जाते.

मी शाळेत शिकवते. नववीचे गुण त्या दुपारपर्यंत ऑनलाइन भरायचे होते. कॉम्प्युटर सुरू केला, तर इंटरनेट नाही. मोबाइलवर वायफाय व्यवस्थित, कॉम्प्युटरवर मात्र एकही नेटवर्क दिसेना. सीपीयूच्या मागे बोटाच्या पेराएवढा वायफायचा अडॅप्टर लावलेला आहे. तो काढून पुन्हा त्याच खाचेत घट्ट बसवला, राउटर बंद-चालू केला, कॉम्प्युटर दोनदा रीस्टार्ट केला. काही उपयोग नाही.

तेवढ्यात मावशी दारात आल्या.

"सकाळी इथे पुसलंत ना? मागे ओलं फडकं मारलंत?"

"नाय ताई. निस्तं टेबल पुसलं. त्या डब्याला मी हात बी लावत नाय."

"मग आपोआप बंद पडलं का? किती वेळा सांगितलं, या खोलीत जपून म्हणून!"

बाहेर सासूबाई वाटाणे सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. मी त्यांना टेबल ओढायला लावलं, मागे वाकून टॉर्च धरायला लावली. साठीला आलेली बाई, एका हाताने गुडघा दाबत उभी होती.

त्या भांडी घासायला गेल्यावर मी डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांची यादी, उघडली. अडॅप्टरचं नाव तिथे होतं, त्यावर खाली तोंड केलेला छोटा बाण. म्हणजे तो बिघडलेला नव्हता, कुणीतरी बंद केला होता. आणि मला आठवलं. आदल्या संध्याकाळी नेट हळू चालतंय म्हणून मीच या यादीत शिरले होते. तिथलं केबलच्या इंटरनेटचं, आम्हाला न लागणारं नाव बंद करायचं होतं. कुकर शिट्ट्या देत होता, दोन्ही नावं सारखीच दिसत होती. घाईत एकावर क्लिक केलं, लगेच कॉम्प्युटर बंद केला आणि गॅसकडे पळाले.

'एनेबल' दाबून तो पुन्हा चालू केला. दोन सेकंदांत नेटवर्क हजर.

"लागलं का ताई?" आतून आवाज आला.

"लागलं. पिन सैल झाली होती."

"माझाच धक्का लागला असंल मंग. चुकलं माझं."

एक वाक्य बोलायचं होतं. मी गुण भरत बसले.

त्यानंतर मावशी त्या खोलीत एकट्या शिरेनात. "ताई, उभ्या राहा जरा, मंग पुसते," म्हणायच्या. आठवडाभर मी तशी उभी राहिले. मग राहवेना. चहाचा कप त्यांच्या हातात देऊन सगळं सांगितलं, माफी मागितली.

त्यांनी कप ओट्यावर ठेवला. "मी तर घरी सुनेला बी सांगितलं, माझ्या हातून मोडलं म्हणून." मग बाहेर बसलेल्या सासूबाईंकडे बघत म्हणाल्या, "आजींना सांगितलं का?"

"नाही."

"त्यांच्याम्होरं बोलला होतात."

मी बाहेरच्या खोलीत गेले. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. सासूबाईंनी टीव्ही बंद केला आणि मी पहिल्यापासून सांगितलं. त्या माझ्याकडे न बघता मावशींना म्हणाल्या, "बस गं. चहा गार झाला असेल. ही दुसरा टाकेल."

मी मान खाली घालून ओट्याकडे गेले.