रशीदभाईनं आवळलेली चेन

येरमाळ्याला माझं अन् रशीदभाईचं मोटरसायकलचं गॅरेज आमनेसामने. मागल्या महिन्यात म्या एका गाडीपाशी उकिडवा बसलो व्हतो, तवा गिऱ्हाईक म्हणलं, समोरचे भाई झोपेतच गेले. माझ्या डोक्यात पहिलं काय आलं, तर आता गाड्या माझ्याकडं येतील... असला म्या माणूस.

जुन्या गाडीवाला नुसती चेन मागायचा, म्या नुसती टाकून मोकळा व्हायचो. रशीदभाई आधी पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटचे, म्हंजी चेन फिरवणाऱ्या चाकांचे, दाते बोटानं चाचपायचा. झिजलेले लागले की म्हणायचा, चेन अन् दोन्ही चाकं, तिन्ही बदला, न्हायतर समोर जावा. समोर म्हंजी माझ्याकडं. माझी नवी चेन त्या जुन्या दात्यांवर उड्या मारायला लागली की गिऱ्हाईक फिरून त्याच्याच दारात. मला बघून त्यो नुसता चहाचा कप उचलायचा. लई जळायचो म्या.

चेन किती ढिली ठेवायची, हे बी त्याचं न्यारंच. मोकळ्या गाडीवर कधी आवळली न्हाय. मालकाला वर बसवायचा, मागं कोण बसतं ते इचारायचा अन् त्यालाबी बसवायचा. बायको असू दे, दुधाचे कॅन असू दे... वजनानं चेन ताणती, मग खाली बोट घालून बघायचा. रस्त्याच्या कडंला अख्खं खानदान जागच्या जागी गाडीवर, अन् म्या इकडं हसतोय. एक दिवस त्यात माझीच बायको दिसली, तिच्या भावाच्या मागं बसलेली. म्हंजी मेव्हण्यानं बी त्यालाच गाठलं व्हतं. घरी आल्यावर म्हणली, "त्यांनी निदान इचारलं तरी, मागं कोण बसतं. तुमी कधी मागं वळून बघितलं का?" त्या दिवशी भाकर गोड लागली न्हाय. खाल्ली मातर सगळी.

परवा रशीदभाईच्या बायको, भाभी, आल्या. रशीदभाईची गाडी त्यांच्या दिरानं ढकलत आणलेली, चेन तुटलेली. आता गाडी दीरच चालवणार व्हते. म्या दाते चाचपले, तिन्ही बदलले, दिराला वर बसवलं. अन् तोंडातून गेलंच, "मागं कोण बसतं?"

भाभींनी मागच्या सीटवरची धूळ हातानं पुसली.

"मीच बसत व्हते. आता न्हाय बसणार. मागची जागा मोकळी धरून आवळा, भाऊ."

तशीच आवळली. दीर गाडी घेऊन गेले, भाभी पायी निघाल्या. लांब जाणाऱ्या त्या मोकळ्या सीटकडं बघत म्या उभा राहिलो; माझ्यामागं अशी जागा कोण मोकळी ठेवील? अन् खरं सांगतो, तवा बी रशीदभाईवर जळलोच.