सीलतपासनिसांचा अंगठा

प्रौढ साक्षरता वर्गात आम्ही एका बाकावर बसत असू. तेथेच या सीलतपासनिसांची ओळख झाली. बंदराच्या फाटकावर ते तीस वर्षे कंटेनर तपासत. इतर जण केवळ सीलचा क्रमांक पाहत. हे मात्र दाराच्या कडीचा प्रत्येक बोल्ट हाताने पिळून पाहत.

एकदा एक बोल्ट सैल लागला. सील शाबूत ठेवूनही हे दार उघडता येईल, हे त्यांनी ओळखले. लिहिता येत नसल्यामुळे अहवाल त्यांनी कारकून साडूला सांगितला. साडूने तो लिहून मोठ्याने वाचून दाखवला, शब्दन् शब्द बरोबर.

"लावा अंगठा, साडूभाऊ. तुमचा हात म्हणजे पान्हाच हो!" कारकून म्हणाला.

त्यांनी हसत अंगठा उमटवला.

पलीकडच्या बंदरात तो कंटेनर रिकामा निघाला. चौकशीत त्यांचा कागद वाचला गेला: ‘सर्व बोल्ट घट्ट आहेत.’ साडू चोरांना सामील होता, हे त्यांना त्या क्षणी उमगले. घरच्याच माणसाने केसाने गळा कापला होता. नोकरी गेली.

वर्गात पहिल्या दिवशी बाईंनी सर्वांना सही गिरवायला दिली. पाटी बाजूला सारून ते म्हणाले, "बाई, सही राहू द्या. मला आधी वाचायला शिकवा."