मधू भाटकरची खुर्ची

मधू भाटकर मासळी घ्यायला निघाला की मी त्याच्याबरोबर जायचं टाळायला बघायचो. दहा टोपल्यांसमोर उभा राहायचा, कोळणींच्या शिव्या खायचा आणि काही न घेता पुढे सरकायचा. मग अकराव्या टोपलीतल्या एखाद्या सुरमईवर असा तुटून पडायचा की ती पिशवीत गेल्यावरच बाईला भाव सांगायचं सुचायचं. निम्म्या वेळा आम्ही रिकाम्या हाताने परत यायचो. "नसेल तर नसेल," तो म्हणायचा, "म्हणून काय कायपण घरी न्यायचं?"

तो बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. मांडवीला घर, घरात तो आणि शैलावहिनी, मूलबाळ नाही. मी त्याचा शाळेपासूनचा मित्र, मालवाहू बोटीवर नोकरीला; सात-आठ महिने समुद्रावर, उरलेले रत्नागिरीत. २००५च्या सुमारास मारुती मंदिराजवळच्या एका सायबर कॅफेत त्याला इंटरनेटवरचा पोकर सापडला. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, आणि शेकडो खेळणाऱ्यांतून एकच उरेपर्यंत चालणारी स्पर्धा. खातं उघडायला परदेशात चालणारं कार्ड लागायचं. बर्फ मोजणाऱ्याकडे ते कुठून असणार? माझ्याकडे होतं. खातं माझ्या नावावर उघडलं, दहा डॉलर भरले. ते दहा डॉलर त्याने कधीच संपू दिले नाहीत.

रविवारी सकाळी सातला आंघोळ करून, गंध लावून तो कॅफेत हजर असे. अमेरिकेत तेव्हा शनिवारची रात्र. "ते पिऊन पेंगतायत नि मी पोहे खाऊन आलोय. अजून काय पायजे?" पहिला तासभर तो जवळजवळ खेळतच नसे. विसांतले अठरा डाव टाकून द्यायचा. माउस चुकून दाबला जाऊ नये म्हणून उजवा हात मांडीखाली ठेवायचा. मी मागे बसून जांभया द्यायचो. पण मनासारखी पानं आली की माणूसच बदलायचा. लावायचा, वाढवायचा, परत वाढवायचा. समोरच्याला उसंत म्हणून द्यायचा नाही. "टाकताना लाजायचं नाय नि मारताना दया करायची नाय," असं तो मला दर रविवारी ऐकवायचा. मी हो हो म्हणायचो.

अडीच वर्षांनी एका स्पर्धेत तो शेवटचा उरला. बक्षीस होतं चीनमधल्या मकावला होणाऱ्या खऱ्याखुऱ्या स्पर्धेतली एक खुर्ची, विमान आणि हॉटेलसकट. मुंबईपलीकडे कधी न गेलेला हा माणूस धापा टाकत माझ्या घरी आला. "सुऱ्या, समोर माणसं असतील रे! तोंडं दिसतील मेल्यांची!"

आठवड्याने मेल आला. खुर्ची खातेदाराचीच, दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. आणि खातेदार मी.

"तू लिही त्यांना," मधू म्हणाला, "की खेळणारा भाटकर आहे. बघू काय म्हणतात."

मी त्याला नियम दाखवला. दुसऱ्याच्या नावाने खेळल्याचं कळलं तर खातंच बंद. ते खरं होतं. मला मकावला जायचं होतं, हेही खरं होतं, आणि तेवढं मी बोललो नाही. लिहून उपयोग झाला नसता अशी मी पुढे स्वतःची पुष्कळ समजूत घातली. नसेल झाला. पण मी लिहिलं नाही, हे मला आजही गिळता येत नाही. "खुर्ची फुकट घालवण्यापेक्षा मी जातो," असं वर उपकार केल्यासारखं म्हणालो. त्याने तो नियम पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, "जा. पण माझ्यासारखा खेळ."

पंधरा दिवस त्याने मला ओटीवर बसवून शिकवलं. शैलावहिनी तिसरा खेळाडू म्हणून पानं घेऊन बसत.

"राणी-दश्शी आली. तुझ्या आधी दोघांनी वाढवलंय. काय करशील?"

"खेळेन."

"मेलास. शैला, परत वाट गो."

त्याची जागा घेऊन निघालेल्या माणसाला तो इतक्या तळमळीने शिकवत होता. मी निर्लज्जासारखा शिकत होतो.

मकावला मी बावीस मिनिटं टिकलो. समोर गॉगल लावलेला एक पोरगा होता. मी सलग चार डाव टाकल्यावर तो माझ्याकडे बघून हसला, आणि मला ते झोंबलं. पाचव्या डावाला गुलाम आणि सत्ती आली, मधूने लगेच टाकली असती अशी पानं. मी होत्या तेवढ्या चिप्स, पैजेच्या चकत्या, पुढे लोटल्या. त्याने शांतपणे दोन राजे उलटे केले.

रत्नागिरी स्टेशनवर मधू न्यायला आला होता. बॅगेला हात लावायच्या आधीच त्याने विचारलं, "कुठली पानं होती?"

"दोन एक्के," मी म्हणालो. "त्याला शेवटच्या पानावर लागलं रे."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मग काय करणार. नशीब," म्हणाला, मला रिक्षात बसवलं आणि तो आपल्या वाटेने गेला. त्यानंतर तो पुन्हा खेळला नाही. विचारलं तर कंटाळा आला म्हणायचा. मी मात्र दर सुट्टीत त्याच्या ओटीवर बसून, आल्यागेल्याला त्या दोन एक्क्यांची गोष्ट रंगवून सांगायचो. तो मान हलवायचा. वहिनी चहा आणून ठेवायच्या.

दोन वर्षांनी तो कारखान्यातच हृदयविकाराने गेला. मी बोटीवर होतो. घरी पोचायला दीड महिना गेला. वहिनींसमोर बसलो आणि सवयीने म्हणालो, "त्या दिवशी ते एक्के टिकले असते तर मधू..."

"भावोजी, आता पुरे," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी ह्यांनी मला कॅफेत नेलं होतं, तुमचा खेळ दाखवायला. तिकडची बातमी कॉम्प्युटरवर येत होती. तुमचं नाव आलं, तुमची पानं आली. गुलाम नि सत्ती. ह्यांनी दोनदा वाचलं."

मला राग आला, आणि लाज सोडून सांगतो, तो मधूचाच आला. दोन वर्षं मला बोलू दिलं! "मग माझ्या तोंडावर का नाही बोलला तो?"

"स्टेशनवर विचारलं ना तुम्हाला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आणायला निघताना मला सांगून गेले, खरं बोलला तर चार शिव्या घालीन नि जेवायला घेऊन येईन. मी तीन ताटं मांडून बसले होते. हे एकटेच आले."