आधी गाडीचा नंबर

"बोट काढ!" मोबाइलवर मी काही दाखवायला गेलो, की माझ्या मनगटावर चापट मारत बाई म्हणायच्या. "तू काय घरोघरी सांगाय जाणार हाईस व्हय? माझं मला हुडकू दे."

मलकापुरात माझं वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस आहे. बाई खालच्या मजल्यावर राहायच्या. पाटणच्या डोंगरी भागात नर्स म्हणून उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या. माझं प्रत्येक होमपेज मी आधी त्यांच्या मोबाइलवर उघडून द्यायचो. चष्मा मुद्दाम बाजूला ठेवायच्या. "गडबडीत चष्मा कुणाला घावतो?"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, जे कौतुकाला हात आखडता घेतं आणि खोट मात्र चटकन दाखवतं. माझे रंग, माझे सरकते फोटो एका वाक्यात निकालात निघायचे. "लय देखणं हाय. पर मी कशाला आले हुते, त्येच इसरले बघ."

मला राग यायचा. पुण्यात शिकून आलेला मी! पण वर जाऊन गुपचूप बदल करायचो, आणि बाईंचंच खरं निघायचं.

गेल्या वर्षी पाटणकडच्या एका ट्रस्टचं काम मिळालं. वाड्यावस्त्यांसाठी मोफत ॲम्ब्युलन्स. होमपेज मी आपल्याकडच्या फ्लेक्ससारखंच केलं. वर अध्यक्ष, शेजारी उपाध्यक्ष, त्याखाली हात जोडलेले समस्त विश्वस्त. अध्यक्ष भलतेच खूश झाले. बाई मात्र अंगठ्याने पान सरकवत राहिल्या.

"एवढी माणसं भेटली. गाडीचा नंबर कुठं हाय रं?"

"शेवटी आहे, बाई. फोटो खाली नेले तर काम जाईल माझं."

एरवी फटकन बोलणाऱ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "बाळतपणात अडलेल्या पोरीपाशी मी नुसती बसून राहिलीया. गाडी कुठनं बोलवायची, कुणालाच ठावं न्हवतं. गेली ती. तुला काम दुसरं मिळंल, बाबा."

ट्रस्टच्या मीटिंगला त्या माझ्याबरोबर आल्या. फोन थेट अध्यक्षांच्या हातात दिला. "साहेब, घरात आईला धाप लागलीया. गाडी बोलवा."

अध्यक्ष पान खाली नेत होते, वर आणत होते. फिरून फिरून स्वतःच्याच फोटोवर येत होते. मी सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी डोळे वटारले. कुणी हसलं नाही. शेवटी अध्यक्षांनी फोन टेबलावर ठेवला.

"आमची थोबाडं खाली घ्या," ते म्हणाले. "नंबर वर."

परतताना एसटीत बाई एवढंच म्हणाल्या, "माणूस बरा हाय."

दिवाळीनंतर बाई गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. आवाज जड होता.

"बाईंचा फोटो टाकू या. भावपूर्ण श्रद्धांजली. सगळ्यात वर, मोठा."

जन्मभर एवढा मान त्यांना कुणी दिला नव्हता. तो द्यावा, असं मलाही फार वाटत होतं.

"नको, साहेब," मी म्हणालो. "वर नंबरच राहू दे. बाई रागावतील."



"व्हय," ते म्हणाले. "लय रागावतील."